‘रिस्टोअर’ म्हणायचं तर आधी ‘कधीचं?’ ते सांगा

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘रिनोव्हेट’ आणि ‘रिस्टोअर’ या इंग्रजी शब्दांत फरक काय, आणि कुठे कोणता वापरायचा? फोंडा तालुक्यातलं शंभरेक वर्षांचं चिरेबंदी (चिरा म्हणजे जांभा दगड) घर, मधे राजांगण, म्हणजे आतलं मोकळं अंगण, वर मंगळुरी कौलं. दोन कंत्राटदारांनी अंदाजपत्रकं दिली. एकाच्या कागदावर ‘रिनोव्हेशन’ लिहिलंय, दुसऱ्याच्या कागदावर ‘रिस्टोरेशन’, आणि दुसऱ्याचा आकडा बराच मोठा. घरात मतं दोन: कुणी म्हणतं काम एकच, शब्द भारी म्हणून भाव भारी, कुणाला वाटतं फरक असणारच. त्यात देवस्थान समितीने जीर्णोद्धाराच्या फलकाचा इंग्रजी मजकूरही तुमच्याच गळ्यात घातलाय, आणि तिथेही हेच दोन शब्द आडवे येतायत.

शब्दकोश उघडून उपयोग होत नाही, हे तुम्ही लिहिलंयच. इंग्रजी-मराठी कोशात दोन्ही शब्दांपुढे नूतनीकरण, दुरुस्ती, जीर्णोद्धार हीच मंडळी थोड्याफार फरकाने बसलेली असतात. अर्थ जवळचे आहेत, ते खरंच. फरक आहे तो त्या शब्दांची नजर कुठे आहे यात. ‘रिस्टोअर’ मागे बघतो. एक जुनी अवस्था होती, ती बिघडली, आता ती परत आणायची. ‘रिनोव्हेट’ला मागचं काही देणंघेणं नाही. वास्तू जुनी झाली, तिला नवी करायची, आजच्या गरजेला लावायची, एवढंच.

‘रिनोव्हेट’च्या पोटात लॅटिन ‘नोवुस’ आहे, म्हणजे नवा. आपल्या ‘नव’चाच तो चुलतभाऊ. गोव्याच्या माणसाला हे सांगावं लागू नये; १८४३मध्ये पणजीला राजधानीचा मान देऊन ‘नोव्हा गोवा’ म्हटलं गेलं आणि जुनी राजधानी ‘वेल्हा गोवा’ झाली, त्यातला ‘नोव्हा’ तो हाच. ‘रिस्टोअर’ आला ‘रेस्ताउरारे’ या क्रियापदातून, पडलेलं पुन्हा उभं करणं. त्याच्या पोटात ‘नोवुस’ नाही.

वाक्यात दोघे कसे वागतात ते पाहिलं की गोंधळ बराचसा मिटतो. ‘रिस्टोअर’नंतर इंग्रजीत ‘टू’ येऊ शकतो: अमुक गोष्ट अमुक स्थितीला परत नेली. ‘रिनोव्हेट’ला असा ‘टू’ लावून जुनी स्थिती सांगता येत नाही, कारण जायचं ठिकाण त्याच्याकडे नाहीच. शिवाय ‘रिस्टोअर’ दगडामातीपुरता नाही. वीजपुरवठा रिस्टोअर होतो, शांतता होते, विश्वास होतो, संगणकातली उडालेली फाइल होते. ‘रिनोव्हेट’ मात्र इमारत आणि तिचे भाग, म्हणजे खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, यांपलीकडे फारसा जात नाही. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात रात्री वीज जाते आणि ती आल्यावर मोबाइलवर ‘सप्लाय रिस्टोअर्ड’ असा निरोप येतो. तेव्हा नव्या तारा टाकल्या असं कुणाला वाटत नाही. होती तशी वीज परत आली, एवढंच कळतं. घराच्या कागदावरही हा शब्द तसाच वाचा.

मराठीकडून येणारा एक खड्डा इथेच दाखवून ठेवतो. आपण परवान्याचंही ‘नूतनीकरण’ करतो आणि सभागृहाचंही. इंग्रजीत परवाना, सदस्यत्व, विमा यांना ‘रिन्यू’ लागतो, सभागृहाला ‘रिनोव्हेट’. समित्यांच्या इंग्रजी इतिवृत्तांत ‘लायसन्स रिनोव्हेट केलं’ असं सापडतं, त्याचं मूळ हेच.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. बोलीभाषेतलं इंग्रजी सैल असतं. हॉटेलाच्या जाहिरातीत ‘रिस्टोअर्ड पोर्तुगीज व्हिला’ असं लिहिलेलं असतं आणि आत जाऊन पाहावं तर छत जिप्समचं, फरशी व्हिट्रिफाइड, खिडक्या अल्युमिनियमच्या. (‘पोर्तुगीज’ हा शब्दही तिथे बहुतेक वेळा उसना असतो, ती घरं गोंयकारांनी, गोव्याच्या गवंडी-सुतारांकडून बांधून घेतलेली.) जाहिरातीशी भांडत बसण्यात अर्थ नाही. पण अंदाजपत्रक, करार, फलक या तीन ठिकाणी शब्द सैल सोडून चालत नाही. पहिल्या दोन ठिकाणी त्याचे पैसे होतात आणि तिसऱ्या ठिकाणी तो दगडात कोरला जातो.

जुन्या वास्तूंचं काम करणाऱ्यांच्या व्यवहारात तर अर्थ आणखी आवळलेला आहे. १९६४च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यात, तत्त्व मांडलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे रिस्टोरेशन थांबलं पाहिजे. ऑस्ट्रेलियात तयार झालेली बुरा सनद त्याहून काटेकोर: ज्ञात असलेल्या आधीच्या अवस्थेला वास्तू परत नेणं, तेही नंतर चढवलेलं काढून किंवा सुटलेले मूळ भाग पुन्हा जोडून, नवं साहित्य न आणता. नवं साहित्य आणलंत की तिच्या लेखी ते ‘रिकन्स्ट्रक्शन’. राहत्या घराला इतकं सोवळं कुणी लावत नाही, लावूही नये. पण ‘ज्ञात’ हा शब्द खिशात ठेवा. पूर्वी काय होतं ते माहीत नसेल तर रिस्टोअर करता येत नाही. फार तर जुन्यासारखं दिसणारं नवं करता येतं.

या ‘कधीचं?’ने मोठमोठ्यांना चकवलंय. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च पाहा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ते पूर्ण झालं, बाहेरून चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात तो गिलावा रिस्टोरेशनच्या नावाखाली खरवडून काढला गेला, कारण उघडा तांबडा चिरा अधिक ‘प्राचीन’ दिसतो अशी समजूत. म्हणजे ज्या रूपात ते चर्च पूर्वी नव्हतं, त्या रूपाला ते ‘परत’ नेलं गेलं. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागल्यावर घट्ट होतो, पण सच्छिद्र तो कायमचाच. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; तो झेलायला गिलावा असतो. स्वतः झिजून चिऱ्याला वाचवणं हेच त्याचं काम. तो काढल्यावर चिरा झिजायला लागला, आणि गिलावा पुन्हा करावा की नाही यावर अजून वाद चालतात. आज तो परत केला तर त्या कामाला काय म्हणाल? बेलाशक रिस्टोरेशन, जरी चुना-वाळू सगळी नवी असली तरी. इथे बुरा सनदेचा काटा जरा बाजूला ठेवावा लागतो, कारण झिजणारा थर नव्याने देणं ही त्या वास्तूची मूळ रीतच आहे.

शेजारच्या से कॅथेड्रलचं उदाहरण उलट्या बाजूचं. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६मध्ये कोसळला, पुन्हा बांधला नाही. आज कुणी ‘से रिस्टोअर करा’ म्हटलं तर पहिला प्रश्न, १७७५ची से की त्यानंतरची? एका मनोऱ्याची से अडीचशे वर्षं उभी आहे. ती अवस्थाही आता इतिहासच आहे. आणि रेइश मागुशचा किल्ला घ्या. १९९३पर्यंत तिथे तुरुंग होता, मग डागडुजी होऊन २०१२मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. तट, बुरूज, छपरं यांपुरतं ते रिस्टोरेशन. तुरुंगाचं सांस्कृतिक केंद्र झालं ते मात्र ‘अडॅप्टिव्ह रीयूज’, म्हणजे वास्तू जुनी, वापर नवा. एकाच जागी दोन कामं असू शकतात, आणि तुमच्या घरातही तेच होणार आहे.

तर घराकडे येऊ. सबंध घराला एक शब्द लावण्याचा आग्रह सोडा. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांचं काम रिनोव्हेशनच असतं. आजोबांच्या काळचं न्हाणीघर परत आणा असं कुणी म्हणणार नाही. वायरिंग, पाण्याच्या वाहिन्या यांचंही तसंच. फुटकी कौलं बदलणं, गळती थांबवणं, कुजलेला रीप काढून नवा ठोकणं हे सरळ ‘रिपेअर’, त्याला मोठं नाव देऊ नका. राजांगणाभोवतीचे खांब, दर्शनी भिंतींचा गिलावा, लाकडी दारं-खिडक्या, कुठे असेल तर कावी (चुन्याच्या भिंतीवर कोरलेली तांबडी नक्षी), इथे ‘रिस्टोरेशन’ शोभतो. आणि कौलं काढून स्लॅब घालणं? ते या तिघांतलं काहीच नाही. तो मूळ बांधणीतला बदल आहे, त्यासाठी पंचायतीची परवानगी लागेल, दुरुस्तीच्या अर्जात ते बसणार नाही. घर पणजीच्या फोंतेन्यससारख्या संरक्षित भागात असेल तर आणखी एक पायरी वाढते, पण तुमचं तसं दिसत नाही.

दुसऱ्या कंत्राटदाराचा आकडा मोठा का, हे त्याच्या कागदातच तपासता येतं. ‘रिस्टोरेशन’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, गिलाव्याची ओळ वाचा. तिथे ‘सिमेंट प्लास्टर’ असेल तर शब्द खोटा आहे. जुनी भिंत चिऱ्याची, जोडणी चुन्यात किंवा मातीत; ती पायातून ओल वर ओढते आणि पृष्ठभागातून बाहेर सोडते. वर सिमेंटचा घट्ट थर दिला की ओल आत कोंडते आणि वाट मिळेल तिथून, बहुधा घरातल्या बाजूने, बाहेर पडते. क्षार गिलाव्यामागे साठून फुगतात, लोणा लागतो, आणि काही पावसाळ्यांनी गिलावा सुटतो तो चिऱ्याची पापडी सोबत घेऊनच. भिंतीला इजा न करता सिमेंट काढता येत नाही. नंतर पुन्हा रिस्टोअर करायचं म्हटलं तरी तेवढा चिरा गेलेलाच असतो.

चुन्याचा गिलावा लिहिला असेल तर प्रमाण आणि वेळ विचारा. कळीचा चुना पाण्यात विरवून निदान तीन आठवडे मुरवलेला हवा, जास्त मुरला तर उत्तम. न विरलेले खडे राहिले तर ते भिंतीत विरतात आणि गिलाव्यावर फोड येतात. चुना एक भाग, चाळलेली धुतलेली वाळू तीन भाग. थर आठ ते दहा मिलिमीटरचे, दोन थरांत आठवड्या-दोन आठवड्यांचं अंतर, लावण्याआधी भिंत पाण्याने भिजवलेली, लावल्यावर उन्हाच्या बाजूला ओलं गोणपाट. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्याला घाई खपत नाही. म्हणून दिवाळीनंतर सुरू करून मार्चपर्यंत बाहेरचा हात संपवायचा. मेमध्ये लावलेला गिलावा जूनच्या पहिल्या झडीत धुऊन जातो. मजूर घाई करताना चुन्यात थोडं सिमेंट मिसळतात. त्याने चुन्याचा गुण जातो आणि सिमेंटची ताकदही येत नाही.

हिशोबाची एक सोपी पडताळणी. दहा चौरस मीटर भिंतीला एकूण २० मिलिमीटर जाडीचा गिलावा म्हणजे ०.२ घनमीटर मिश्रण. चुना वाळूच्या पोकळ्यांत मावतो, त्यामुळे वाळू जवळपास तेवढीच, ०.२ घनमीटर, आणि मुरवलेला चुना ६५ ते ७० लिटर; सांडलवंड वेगळी. अंदाजपत्रकातला चुना या मापाच्या जवळपासही नसेल तर उरलेली जागा कशाने भरणार आहेत ते विचारा.

लाकडातही शब्द पकडता येतो. वाशाचं भिंतीतलं टोक कुजलं म्हणून अख्खा वासा काढून लोखंडी पाइप टाकला तर ते रिनोव्हेशन. कुजलेलं तेवढं कापून, उरलेल्या वाशाला त्याच जातीचं लाकूड, फणस असेल तर फणस, किंदळ असेल तर किंदळ, वाशाच्या उंचीच्या साधारण तिप्पट लांबीच्या तिरक्या सांध्याने जोडलं तर रिस्टोरेशन. दुसऱ्याला सुताराचे दिवस जास्त लागतात, लाकूड कमी. तुमच्या मोठ्या आकड्यात मजुरी जास्त आणि साहित्य कमी दिसत असेल, तर ते चांगलं लक्षण धरा. खिडक्यांना शिंपल्यांच्या चकत्या असतील तर त्या फेकू देऊ नका. त्या शिंपल्याच्या जातीला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, नदीतून नव्या आणायचा मार्ग नाही. मोडलेल्या घरांतल्या जुन्या चकत्या मिळाल्या तर मिळाल्या.

आता ‘ज्ञात’कडे परत. काम सुरू होण्याआधी पुरावा गोळा करावा लागतो, आणि तो देणाऱ्यालाच रिस्टोरेशनचा दर मागायचा हक्क. प्रत्येक भिंतीचे फोटो मापपट्टी ठेवून, दारा-खिडक्यांची मापं, रंगाचे थर पाहायला आडबाजूला पाच सेंटिमीटरचा चौकोन धारदार पात्याने थराथराने खरवडणं. सर्वांत खालचा थर बहुतेक पांढरा किंवा निळसर चुना निघतो, आणि ‘आमचं घर पहिल्यापासून पिवळंच’ हा वाद तिथेच संपतो. जुन्या गिलाव्याचा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की चुना विरघळतो, वाळू तळाशी राहते, तिचं वजन करून प्रमाण काढता येतं. हातमोजे, चष्मा, उघडी हवा हवीच. मात्र गोव्यात चुना पुष्कळदा शिंपले भाजून केलेला असतो. नीट न भाजलेले शिंपल्याचे कण आम्लात चुन्याबरोबरच विरघळतात आणि चुन्याचं प्रमाण आहे त्याहून जास्त भासतं. तुकडा भिंगाखाली पाहून शिंपल्याचे कण दिसतात का ते आधी तपासायला हवं.

कावीचा उल्लेख तुम्ही ओझरता केलाय, पण फलकाचा प्रश्न तिथेच अडकतो. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच कंपास-सळईने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा, ही कावी. देवळाच्या भिंतीवरची कावी काढून त्याच नक्षीचं ऑइल पेंट केलं असेल तर नक्षी राहिली, कावी गेली. इंग्रजीत त्याला ‘रिस्टोअर्ड’ म्हणता येणार नाही, ‘रीपेंटेड’ म्हणा. खरवडून, पुन्हा चुना-काव लावून, जुन्या छायाचित्रावरून तीच नक्षी कोरली असेल तर ‘रीक्रिएटेड’. जुनी साफ करून, निखळलेला भाग मागे चुना सोडून चिकटवला असेल तरच ‘रिस्टोअर्ड’.

मग ‘जीर्णोद्धार’चं काय? हा शब्द या दोन्हींच्या वरचा आहे. जीर्णाचा उद्धार, त्यात साहित्य जुनं की नवं हा प्रश्नच नाही. देव तोच, स्थान तेच किंवा हलवलेलं, पूजा अखंड, मग भिंती पायापासून नव्या असल्या तरी तो जीर्णोद्धारच. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं बघा. दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ पोर्तुगीज राजवटीत मोडलं गेलं, लिंग नदीपलीकडे डिचोली भागात नेलं गेलं, आणि १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ उभारायला घेतलं. मराठीत आपण निःशंक ‘जीर्णोद्धार’ म्हणतो. इंग्रजीत ते ‘रीबिल्ट’ आहे, ‘रिस्टोअर्ड’ म्हणायचंच तर देवळाला नव्हे, पूजेला. त्याच देवळाचं २०२३मध्ये पुरं झालेलं काम इंग्रजी बातम्यांत कुठे ‘रिनोव्हेटेड’ तर कुठे ‘रिस्टोअर्ड’ म्हणून आलं. वास्तू होती तशी राखणं हा हेतू असल्याने दुसरा शब्द जास्त नेमका.

तुमच्या देवळाबद्दल तुम्ही सांगितलंय ते असं: गर्भगृह आणि दीपमाळ जशीच्या तशी, सभामंडप पाडून काँक्रीटचा नवा, जमिनीला संगमरवर, कळसाचा गिलावा चुन्यात पुन्हा. म्हणजे एका शब्दात ते बसणारच नाही. मराठी ओळीत ‘जीर्णोद्धार’ ठेवा, तो बरोबर आहे. इंग्रजी ओळीत क्रियापदं वाटून द्या: सभामंडपाला ‘रीबिल्ट’, जमिनीला नुसतं ‘न्यू’, कळसाला ‘रिस्टोअर्ड’, गर्भगृह आणि दीपमाळेला ‘प्रिझर्व्ह्ड’. प्रत्येकापुढे साल घाला. महाजनांनी, म्हणजे देवस्थानच्या सभासदांनी, एकच शब्द हवा असा हट्ट धरला तर ‘रिनोव्हेटेड’ लिहा. त्यात काही खोटं ठरत नाही. ‘रिस्टोअर्ड’ लिहिलंत तर पन्नास वर्षांनी कुणीतरी काँक्रीटचा मंडप मूळचा धरून बसेल.

आणि घराच्या करारात ‘रिस्टोरेशन’ या शब्दापुढे कंत्राटदाराकडून एक वाक्य लिहून घ्या: अमुक भाग, सोबत जोडलेल्या अमुक छायाचित्रातल्या स्थितीला, अमुक साहित्यात. तेवढं लिहायला तो तयार नसेल, तर पहिल्याच्या ‘रिनोव्हेशन’च्या कागदात सिमेंटच्या जागी चुना घालायला सांगा आणि नवा आकडा मागवा. कदाचित दोघांतलं अंतर बरंच कमी होईल.